जेलब्रेक वारंवार जातो: बीटा साधनाला दोष देण्यापूर्वी यंत्र रीस्टार्ट का झाले ते शोधा

जेलब्रेक म्हणजे ॲपलची बंधने काढून यंत्रावर हवे ते बसवता येण्याची मोकळीक. जुन्या आयपॅडवर किंवा आयफोनवर पालेराइन या साधनाने केलेला जेलब्रेक तीन-चार दिवस सुरळीत चालतो आणि मग एके दिवशी सिलिओ या ट्वीक बसवण्याच्या ॲपच्या चिन्हावर बोट ठेवताच ते क्षणभर उघडून मिटते, बसवलेले सगळे ट्वीक, म्हणजे सिस्टीमच्या वागण्यात बदल करणारे छोटे प्रोग्राम, दिसेनासे होतात. केबल लावून साधन पुन्हा चालवले की सर्व पूर्ववत होते, आणि चार दिवसांनी तीच तक्रार पुन्हा समोर येते. अशा वेळी बहुतेक जण साधनाची पुढची बीटा (चाचणीची) आवृत्ती उतरवून घेतात, तिनेही फरक पडला नाही की मागच्या आवृत्तीकडे वळतात आणि शेवटी कंटाळून यंत्र पुसून पहिल्यापासून सुरुवात करतात. मीही बरेच महिने हेच केले. ग्वाल्हेरात घरच्यांची आणि ओळखीच्या लोकांची जुनी यंत्रे दुरुस्त करून चालती ठेवण्याचे काम हौसेने माझ्याकडे आले आहे, आणि त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की या तक्रारीचे मूळ साधनाच्या आवृत्तीत क्वचितच असते. यंत्र बंद होऊन पुन्हा का सुरू झाले, एवढा एकच प्रश्न धरून बसले तर उत्तर सापडते.

जेलब्रेक जातो तेव्हा काय होते

ॲपलच्या ए५ ते ए११ या चिपमध्ये, म्हणजे आयफोन ४एस पासून आयफोन एक्सपर्यंतच्या फोनमध्ये आणि त्या काळातील आयपॅडमध्ये, कारखान्यातच कोरलेला एक लहान प्रोग्राम असतो आणि यंत्र सुरू होताना सर्वांत आधी तोच चालतो. त्याला बूटरॉम म्हणतात. त्यातील दोषाचा उपयोग करणारा 'चेकमेट' हा एक्स्प्लॉइट 'ॲक्सिओमएक्स' हे टोपणनाव वापरणाऱ्या संशोधकाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी जाहीर केला. चिपमध्ये कोरलेला हा भाग नंतर बदलता येत नाही, त्यामुळे कोणत्याही अपडेटने ॲपलला हा दोष काढून टाकता आलेला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चेकरेनची पहिली सार्वजनिक बीटा आली. ते साधन आयओएस १२ ते १४ साठी आहे, आणि आयओएस १५ पासून पुढे पालेराइन वापरावे लागते. दोन्ही साधनांच्या आवृत्त्यांना 'बीटा' हा शब्द वर्षानुवर्षे चिकटून राहिला, आणि काही बिघडले की संशय सर्वप्रथम त्याच शब्दावर जातो.

मात्र चेकमेटचा सारा खेळ यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत चालतो. यंत्र बंद झाले की ती स्मृती पुसली जाते, पुढच्या वेळी बूटरॉम पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेने प्रत्येक टप्प्याची सही तपासत जातो आणि यंत्र साध्या रूपात सुरू होते. म्हणूनच या प्रकाराला सेमी-टेदर्ड म्हणतात: रीस्टार्टनंतर यंत्र वापरता येते, पण जेलब्रेक परत आणायला संगणक आणि केबल लागते. यातून निदानाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निघते. यंत्र रीस्टार्ट झाल्याशिवाय असा जेलब्रेक समूळ जात नाही. तो गेला असेल तर यंत्र बंद पडले होते, मग ते आपल्या डोळ्यांदेखत पडले असो वा नसो.

येथे रिस्प्रिंग आणि रीस्टार्ट यांतला फरक नीट ओळखावा लागतो, कारण दोन्हींत पडदा काळा होतो आणि पाहणारा दोन्हींना 'आपोआप बंद झाला' असेच म्हणतो. रिस्प्रिंगमध्ये फक्त होम स्क्रीन चालवणारा प्रोग्राम कोसळून पुन्हा उभा राहतो, आणि जेलब्रेक जागच्या जागी असतो. फार तर ट्वीक बंद ठेवणाऱ्या सेफ मोडमध्ये यंत्र जाते. रीस्टार्टनंतर टच आयडी चालत नाही आणि लॉक स्क्रीनवर पासकोड मागणारी सूचना दिसते. जेलब्रेक चालू असताना एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) आत जाऊन 'अपटाइम' ही आज्ञा दिली तर यंत्र किती दिवस-तास सलग चालू आहे तेही कळते, आणि रोज एकदा तो आकडा लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. एसएसएच बसवल्यास पासवर्ड मात्र लगेच बदलावा. 'अल्पाइन' हा जुना ठरावीक पासवर्ड न बदलल्यामुळेच नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात जेलब्रेक केलेल्या आयफोनवर 'आयकी' नावाचा वर्म पसरला होता.

आत्याचा आयपॅड

माझी आत्या जनकगंजात राहते आणि घरीच गाण्याचा वर्ग घेते. तिच्याकडे २०१४ साली बाजारात आलेला आयपॅड एअर २ आहे. त्याची चिप ए८एक्स आहे आणि आयपॅडओएस १५ च्या पुढची आवृत्ती त्यावर बसत नाही. तानपुऱ्याचे ॲप त्यावर सकाळपासून चालू असते, विद्यार्थिनींच्या रियाजाची ध्वनिमुद्रणे त्यातच साठतात, आणि त्यामुळे तो टॅब्लेट दिवसभर चार्जरला जोडलेला असतो. लिथियमची बॅटरी १०० टक्क्यांवर तासन्‌तास ठेवली तर लवकर झिजते, उष्णतेत ती झीज आणखी वाढते, आणि ग्वाल्हेरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. ॲपलने मात्र आयपॅड वापरण्यासाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंशच सांगितली आहे. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय ॲपलने २०२३ मध्ये आयफोन १५ पासून दिली, पण जुन्या आयपॅडच्या वाट्याला ती आली नाही. एवढ्या एका कारणासाठी मी त्यावर पालेराइनचा रूटलेस (सिस्टीमच्या मूळ फाइलींना हात न लावणारा) जेलब्रेक केला आणि चार्जिंगला मर्यादा घालणारा ट्वीक बसवला. मुद्रणे एसएसएचने एकाच वेळी उतरवून घेता येतात, हा त्यासोबत मिळालेला लाभ.

दर चार-पाच दिवसांनी आत्याचा फोन येऊ लागला. "अरे, तो आयपॅड पुन्हा शंभरावर जाऊन बसलाय बघ." जेलब्रेक म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही, पण बॅटरीचा आकडा ८० च्या वर दिसला की काहीतरी बिघडले एवढे तिला मी सांगून ठेवले होते. मी जायचो, केबल लावायचो, साधन चालवायचो आणि परत यायचो. मध्यंतरी नवी बीटा आली की तीही लावून पाहिली, एकदा यंत्र पूर्ण पुसले, ट्वीक एकावर आणून ठेवला. तरी फोन येतच राहिले.

शेवटी जे आधी करायला हवे होते ते केले. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ॲनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स आणि त्यात ॲनालिटिक्स डेटा असा मार्ग आहे; तेथे यंत्राने स्वतः लिहिलेल्या नोंदींची लांबलचक यादी तारीख-वेळेसह मिळते. सिस्टीमचा गाभा कोसळून यंत्र रीस्टार्ट झाले असेल तर त्या यादीत 'पॅनिक-फुल' या नावाने सुरू होणारी फाइल असते. आत्याच्या आयपॅडवर अशी एकही फाइल नव्हती. 'जेटसम इव्हेंट' नावाच्या फाइली पुष्कळ होत्या, पण त्या पाहून घाबरण्याचे कारण नाही; स्मृती अपुरी पडली की सिस्टीम मागे पडलेली ॲप बंद करते आणि तशी नोंद करते, त्याने यंत्र रीस्टार्ट होत नाही. पॅनिक फाइल नसणे हाच येथे खरा पुरावा होता. सॉफ्टवेअर कोसळते तेव्हा ते मागे काही लिहून ठेवते, आणि विजेचा पुरवठाच अचानक तुटतो तेव्हा लिहायला वेळ मिळत नाही.

मी आत्याला विचारले, "आत्या, गेल्या पंधरवड्यात वीज कधी कधी गेली, काही आठवतं का तुला?" तिने हजेरीची वही उघडून मागचे पान माझ्यासमोर ठेवले. वीज गेल्यामुळे वर्ग अर्धवट राहिला तर त्याची भरपाई पुढे करून द्यायची असते, म्हणून ती तारीख आणि वेळ पेन्सिलीने लिहून ठेवते. तिच्या फोनच्या तारखा माझ्याकडे कॉलच्या यादीत होत्या. दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा प्रत्येक फोनच्या आदल्या किंवा त्याच दिवशी दुपारी तासाहून अधिक वेळ वीज गेलेली होती. अर्ध्या तासाच्या आत परत आलेल्या दिवशी मात्र फोन नव्हता.

मग एका दुपारी तेथेच बसून प्रयोग केला. ८० टक्क्यांवर चार्जर काढला, तानपुरा लावला, पडद्याचा उजेड पूर्ण ठेवला. आकडा ६१ पर्यंत हळूहळू उतरला, तेथून भराभर घसरला आणि ४७ दिसत असतानाच पडदा काळा झाला. चार्जर लावल्यावर काही मिनिटांनी ॲपलचे चिन्ह आपोआप उमटले आणि बॅटरीचा आकडा ११ निघाला. घरात नेहमी हेच घडत होते: दुपारी वीज गेली की टॅब्लेट झाकणाखाली निमूटपणे मरून पडे, वीज आल्यावर आपोआप उठे, आणि संध्याकाळी वर्ग सुरू होताना तो चालूच दिसत असल्याने मध्ये तो बंद पडला होता याची कोणाला शंकाही येत नसे.

बॅटरीची खरी अवस्था संगणकावरून वाचता येते. मॅकवर कोकोनटबॅटरी हे ॲप आणि लिनक्सवर लिबआयमोबाइलडिव्हाइसची साधने ती माहिती देतात. या आयपॅडच्या बॅटरीची मूळ क्षमता ७,३४० मिलीअँपिअर-तास असते. आत्याच्या बॅटरीत ३,९५० उरली होती. मला अधिक महत्त्वाचा वाटला तो चार्जिंगच्या आवर्तनांचा आकडा, कारण तो अवघा ४१२ होता. आयपॅडची बॅटरी १,००० आवर्तनांनंतरही ८० टक्के क्षमता राखेल अशा हिशेबाने बनवली जाते. म्हणजे ही बॅटरी वापरून संपलेली नव्हती, ती भरलेल्या अवस्थेत उन्हाळ्यामागून उन्हाळे तापत ठेवल्याने संपली होती.

आणि येथे दुष्टचक्र पूर्ण होते. थकलेली बॅटरी टॅब्लेट बंद पाडते, त्याबरोबर जेलब्रेक जातो, त्याबरोबर ८० टक्क्यांची मर्यादा जाते, मी येईपर्यंतचे दोन-तीन दिवस बॅटरी पुन्हा १०० टक्क्यांवर तापत बसते आणि आणखी थकते. बॅटरी वाचवण्यासाठी केलेला जेलब्रेक बॅटरीमुळेच टिकत नव्हता. याला कोणतीही नवी बीटा काय करणार होती?

बॅटरी बदलणे हाच यावर उपाय आहे, पण आयपॅड एअर २ घरी उघडण्याच्या फंदात पडू नये. त्याची काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे काच तडकली की सगळा जोडच बदलावा लागतो; शिवाय आतली बॅटरीही गोंदाने पक्की बसवलेली असते, आणि ती काढताना वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. हे काम सराव असलेल्या कारागिराकडून करून घ्यावे. बॅटरी फुगून डिस्प्लेची कड वर आलेली दिसली तर जेलब्रेकचा विचार बाजूला ठेवून चार्जर त्याच क्षणी काढावा.

दर तीन मिनिटांनी रीस्टार्ट होणारा फोन

दुसरे प्रकरण माझ्या मावसभावाच्या आयफोन एक्सचे. जेलब्रेक केल्यापासून फोन सतत रीस्टार्ट होतो, साधन चालवून संपत नाही तोच पुन्हा साधा होतो, अशी त्याची तक्रार होती आणि सारा राग बीटावर होता. त्याच्या फोनमध्ये मात्र पॅनिक फाइलींचा ढीग होता. अशी फाइल उघडली की आतला मजकूर डोके गरगरवणारा दिसतो, पण तो सगळा वाचायचा नसतो. 'पॅनिकस्ट्रिंग' या शब्दापुढच्या दोन-तीन ओळी पाहाव्यात. त्याच्या फाइलीत तेथे 'थर्मलमॉनिटरडी' या नावाच्या सेवेकडून १८० सेकंदांत प्रतिसाद न आल्याचे लिहिले होते आणि पुढे न सापडलेल्या सेन्सरचे नाव होते: पीआरएस०.

१८० सेकंद म्हणजे तीन मिनिटे, आणि फोन घड्याळ लावून तीन-तीन मिनिटांनीच मरत होता. पीआरएस० हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे आणि आयफोन एक्समध्ये तो चार्जिंगच्या खाचेच्या फ्लेक्स पट्टीवर बसवलेला असतो. तापमानावर लक्ष ठेवणारी सेवा सर्व सेन्सरची हजेरी घेते. एखादा गैरहजर असला की ती अडकते, आणि तिच्यावर पहारा ठेवणारी वॉचडॉग यंत्रणा ठरलेल्या मुदतीनंतर यंत्र रीस्टार्ट करते. भावाला विचारले तेव्हा कळले की महिन्यापूर्वी एका दुकानात त्याने चार्जिंगची पट्टी बदलून घेतली होती, आणि साधारण त्याच सुमारास जेलब्रेक केला होता. दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या, आणि त्याने नेमकी निर्दोष गोष्ट धरून ठेवली. चांगल्या प्रतीची पट्टी बसवल्यावर तीन मिनिटांचे रीस्टार्ट त्याच दिवशी थांबले.

सेन्सरच्या जागी माइकचे नाव असेल तर तो माइक ज्या पट्टीवर असतो ती पट्टी संशयित समजावी. आणि नोंद वाचता आली नाही तरी एक साधी कसोटी सर्वांना करता येते: साधन न चालवता यंत्र दोन दिवस साध्या रूपात वापरून पाहावे. तसेही ते रीस्टार्ट होत असेल तर जेलब्रेकचा त्याच्याशी संबंध नाही. ही कसोटी इतकी सोपी असूनही लोक ती करत नाहीत, कारण जेलब्रेक गेल्याक्षणी तो परत आणण्याची घाई असते.

साध्या रूपात यंत्र ठणठणीत राहते आणि जेलब्रेकनंतरच कोसळते, असे दिसले तर मात्र ट्वीककडे वळावे. पालेराइनला सेफ मोडचा 'एस' हा पर्याय देऊन यंत्र सुरू केले की जेलब्रेक असतो पण ट्वीक चालत नाहीत. त्या अवस्थेत दोन दिवस शांतता असेल तर निम्मे ट्वीक काढावेत, पाहावे, मग उरलेल्यांतले निम्मे, अशा रीतीने दोषी ट्वीक तीन-चार फेऱ्यांत हाती लागतो. आयओएस १४ च्या काळातले, रूटलेस रचनेसाठी पुन्हा न बांधलेले ट्वीक आयओएस १५ वर बळेच बसवणे हे या गटातले सर्वांत नेहमीचे कारण मला आढळले आहे.

साधन पुन्हा चालवताना अडते तेव्हा

कारण सापडेपर्यंत जेलब्रेक अनेकदा परत आणावा लागतो, आणि तेथेही तीच ती विघ्ने येतात. यंत्र डीएफयू मोडमध्ये, म्हणजे सिस्टीम सुरू होण्याआधीच संगणकाशी बोलणाऱ्या अवस्थेत, गेले की पडदा पूर्ण काळा राहतो. ॲपलचे चिन्ह दिसले तर बटण वेळेवर सोडले गेले नाही, आणि केबलचे चित्र दिसले तर यंत्र रिकव्हरी मोडमध्येच आहे. होम बटण असलेल्या आयपॅडवर होम आणि पॉवर ही दोन बटणे एकत्र दाबून धरायची असतात आणि संगणकाच्या पडद्यावरचा उलटमोजणीचा आकडा सांगेल तेव्हा फक्त पॉवर सोडायचे असते. आयफोन ८ आणि एक्सवर आवाज कमी करण्याचे बटण आणि बाजूचे बटण धरून नंतर बाजूचे सोडतात. आकडा संपल्यावर बोट उचलण्यापेक्षा तो बदलताच उचलावे, एवढ्या फरकानेही काम होते.

केबल यूएसबी-ए ते लायटनिंग अशी असावी. यूएसबी-सीच्या केबलने डीएफयू मोडमध्ये जाताना वारंवार अडचणी येतात, आणि त्याचे खापरही बीटावरच फुटते. ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक असेल तर 'चेकमेट' हा शब्द दिसताच लायटनिंगची केबल काढून पुन्हा लावावी लागते. एएमडी प्रोसेसरच्या डेस्कटॉपवर चेकमेट यशस्वी होण्याचे प्रमाण फार कमी आहे. तेथे तास घालवण्यापेक्षा कोणाचा तरी इंटेलचा जुना लॅपटॉप मागून आणावा. विंडोजवर पालेराइन थेट चालत नाही, त्यासाठी पालेनेक्स ही लहानशी लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावरून सुरू करतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे काम होत नाही, कारण मध्येच यंत्र यूएसबीवरून नाहीसे होऊन नव्या रूपात प्रकट होते आणि तो दुवा व्हर्च्युअल मशीनला सांभाळता येत नाही. आत्याच्या आयपॅडवर एकदा सलग सहा प्रयत्न फसले, तेव्हा विजेरीच्या उजेडात खाच पाहिली तर तळाशी कापसाच्या धाग्यांचा घट्ट थर बसला होता. यंत्र बंद करून लाकडी टूथपिकने तो काढला आणि पुढचाच प्रयत्न यशस्वी झाला.

ए११ चिपच्या फोनवर, म्हणजे आयफोन ८, ८ प्लस आणि एक्सवर, पासकोडची अडचण वेगळी आहे. आयओएस १४ पासून ॲपलने सुरक्षा चिपमध्ये अशी तपासणी घातली की यंत्र डीएफयू मोडमधून सुरू झाले असेल तर वापरकर्त्याचा डेटा उघडू दिला जात नाही. त्यामुळे या फोनवर पासकोड बंद ठेवावा लागतो, आणि आयओएस १६ वर तर फोन पुसल्यानंतर पासकोड एकदाही लावलेला नसावा लागतो. ज्या फोनवर पैशांचे व्यवहार होतात, तो फोन पासकोडशिवाय ठेवणे मला कोणत्याही लाभासाठी मान्य नाही, आणि बँकांची तसेच यूपीआयची अनेक ॲप जेलब्रेक ओळखून उघडतही नाहीत. जेलब्रेक जुन्या, दुसऱ्या यंत्रावरच करावा.

आपोआप होणारी अपडेट सेटिंग्जमधून दोन्ही बाजूंनी बंद करावीत: उतरवणेही आणि बसवणेही. रात्री चार्जरला असताना अपडेट बसले की सकाळी 'जेलब्रेक गेला' अशी तक्रार येते, आणि आवृत्तीचा आकडा पाहण्याचे कोणालाच सुचत नाही. रूटलेसमधून रूटफुलमध्ये (सिस्टीमच्या फाइलीही बदलू देणाऱ्या प्रकारात) किंवा उलट जायचे असेल तर आधीचा जेलब्रेक त्याच प्रकारात 'फोर्स-रिव्हर्ट' या पर्यायाने काढून मगच दुसरा करावा. दोन्हींचे अवशेष एकत्र राहिले तर लागणारे घोळ सोडवता सोडवत नाहीत. रूटफुलला सिस्टीमची प्रत बनवण्यासाठी काही जीबी मोकळी जागा लागते, म्हणून १६ जीबीच्या यंत्रावर तो नेहमीच्या पद्धतीने करू नये.

दर सात दिवसांनी जेलब्रेकचे ॲपच उघडेनासे होत असेल, तर तो प्रकार वेगळा आहे. तेथे यंत्रावरच ॲप बसवून जेलब्रेक केलेला असतो आणि विनामूल्य ॲपल आयडीने केलेली त्या ॲपची सही सात दिवसांनी संपते. पुन्हा सही केली की ते चालते.

या सगळ्या त्रासाला कंटाळून माणूस 'संगणकाशिवाय एका मिनिटात जेलब्रेक' असे सांगणाऱ्या संकेतस्थळांकडे वळतो, म्हणून हेही सांगतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये, खरे चेकरेन यायच्या आधीच, त्याच्या नावाचे एक बनावट संकेतस्थळ सिस्को टॅलोसच्या संशोधकांनी उघडकीस आणले होते. ते यंत्रावर प्रोफाइल बसवून लोकांना जाहिरातींच्या क्लिकमध्ये गुंतवत असे, जेलब्रेक काहीच करत नसे. चेकमेटला केबल लागते. केबलशिवाय चेकरेन किंवा पालेराइन करून देतो म्हणणारा खोटे बोलत आहे.

आत्याच्या आयपॅडला नवी बॅटरी बसवून आता दोन महिने होत आले आहेत. परवा मुद्रणे उतरवताना अपटाइम पाहिला तो ५३ दिवसांचा होता, आणि हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर त्या काळात वीज गेल्याच्या नऊ नोंदी होत्या, त्यांतली सर्वांत मोठी पावणेतीन तासांची. त्या दुपारी आकडा ८० वरून ५८ वर येऊन थांबला होता. मे महिन्यात मी तो टॅब्लेट खिडकीजवळच्या चौरंगावरून उचलून आतल्या भिंतीच्या फडताळात ठेवणार आहे, म्हणजे दुपारचे ऊन त्याच्यावर येणार नाही.